सीएनएन सेंटर : वृत्तकक्षाखालचा चौक

जानेवारी १९९१ मध्ये बगदादवरचे बॉम्बहल्ले मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांतल्या टीव्हींवर थेट दिसू लागले, तेव्हा त्या प्रक्षेपणाची सूत्रे हलत होती ती अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील, सीएनएन या वृत्तवाहिनीच्या या इमारतीतून. गंमत अशी, की ही इमारत वृत्तवाहिनीसाठी बांधलेलीच नव्हती.

१९७६ मध्ये ती उघडली, तेव्हा तिचे नाव होते ‘ओम्नी इंटरनॅशनल’. कार्यालये, हॉटेल, दुकाने, चित्रपटगृहे, स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान आणि मुलांसाठी मनोरंजन उद्यान, असा सारा पसारा एकाच छताखाली मांडला, तर ओस पडत चाललेल्या शहराच्या मध्यभागात माणसे परत येतील, अशी तिच्या उभारणीमागची आशा होती. उद्यान जेमतेम सहा महिने चालले. पुढे टेड टर्नर यांनी हे संकुल विकत घेतले आणि १९८७ मध्ये सीएनएन येथे राहायला आली.

उद्यानाची एक खूण मात्र राहिली. आतला सरकता जिना सुमारे ६० मीटर लांब असून, मध्ये एकाही खांबाचा आधार न घेता तो थेट आठ मजले वर चढे. पूर्वी मुले त्यावरून खेळायला जात. नंतर त्याच पायऱ्यांवर उभे राहून पर्यटक स्टुडिओ पाहायला जाऊ लागले आणि काचेपलीकडे बातमी तयार होताना पाहू लागले. खाली चौकात खाद्यपदार्थांची दुकाने आणि टेबले होती. शेजारच्या क्रीडागृहात बास्केटबॉलचा सामना असला, की प्रेक्षक आधी येथे जेवून घेत, आणि रात्रपाळीला निघालेला वार्ताहरही त्याच गर्दीतून वाट काढत वर जाई. ज्यांच्यासाठी बातमी द्यायची ती माणसे अशी रोज नजरेसमोर असणे, हे या वास्तूचे सर्वांत मोठे देणे होते, असे आम्हांला मनापासून वाटते.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत स्टुडिओची सफर बंद झाली. २०२१ मध्ये इमारत विकली गेली आणि पुढे वाहिनीने शहरातल्याच आपल्या जुन्या संकुलाकडे मुक्काम हलवला. दाराबाहेर उभी असलेली, माणसाहून उंच अशी ती तीन लाल अक्षरे, ज्यांना टेकून असंख्य कुटुंबांनी छायाचित्रे काढून घेतली, मार्च २०२४ मध्ये उतरवण्यात आली.