तुलनेला सलाईन कुठे आहे?

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे : चरबीरोपण आणि स्टेम सेल, स्त्रीरोग आणि मूत्ररोगात. समोर बसलेले बहुतेक जण शस्त्रक्रिया करणारे किंवा शिकणारे आहेत, तेव्हा लायपोसक्शन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. त्याआधी 2001 या सालाबद्दल थोडं बोलतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. लायपोसक्शननंतर आपण बादलीत टाकून देतो त्या चरबीत हाड, कूर्चा, स्नायू आणि चरबी यांकडे वळू शकणाऱ्या पेशी, म्हणजेच स्टेम सेल, आहेत, असं त्यांनी दाखवलं. हा शोध खरा आहे आणि मोठा आहे. अस्थिमज्जेत अशा पेशी हजारांत एकसुद्धा मिळत नाहीत, चरबीतून वेगळ्या केलेल्या पेशींमध्ये त्या शेकड्याला एक ते दहा इतक्या असतात. याबद्दल आपण सगळेच वाचून आहोत, कारण आज उघडलेल्या प्रत्येक केंद्राच्या माहितीपत्रकात ते पहिल्या पानावर असतं.

त्याच वर्षी जर्नल ऑफ यूरॉलॉजीत कॅनडातला एक अभ्यास आला. त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. खोकताना, शिंकताना लघवी गळणाऱ्या 68 स्त्रिया. अर्ध्यांना मूत्रमार्गाच्या कडेने स्वतःची चरबी टोचली, अर्ध्यांना सलाईन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं. गरज लागली तर पुन्हा टोचायची मुभा होती, त्यामुळे एकूण 189 इंजेक्शनं झाली : 91 चरबीची, 98 सलाईनची. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी चरबीच्या गटात 27 पैकी 6 जणी बऱ्या किंवा सुधारलेल्या होत्या. सलाईनच्या गटात 29 पैकी 6. म्हणजे 22 टक्के आणि 21 टक्के. आणि चरबीच्या गटातली एक स्त्री फुप्फुसात चरबी अडकून दगावली.

खोकताना थेंब गळतात म्हणून आलेली, एरवी धडधाकट बाई. तिच्या जिवाच्या बदल्यात आपल्याला एक उत्तर मिळालं आणि ते आपण कपाटात ठेवून दिलं, हे मला सहन होत नाही. त्यानंतर चरबीचं नाव बदललं, गाळण्या बदलल्या, यंत्रं आली, पण सलाईनचा गट ठेवायचं आपण बंद केलं. आज मला खरं तर एवढंच सांगायचं आहे.

कुणी म्हणेल, तेव्हाचं तंत्र कच्चं होतं. बरोबर आहे, म्हणून तंत्राबद्दल नीट बोलू.

चरबीचा कण नव्या जागी गेला की पहिले काही दिवस त्याला रक्त नसतं, तो आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगतो. जपानमध्ये योशिमुरा यांच्या प्रयोगशाळेने हे बारकाईने पाहिलं. कणाच्या कडेचा जेमतेम 100 ते 300 मायक्रॉनचा थर जसाच्या तसा जगतो. त्याच्या आत मिलिमीटरभराचा थर असतो, तिथे चरबीपेशी मरतात पण स्टेम सेल तग धरतात आणि नवी चरबी तयार करतात. त्याच्याही आत सगळं मरतं आणि तिथे तेलाची गाठ, चट्टा किंवा चुन्याचा खडा राहतो. म्हणून चरबी बी पेरावं तशी विखरून टाकायची, ढीग घालायचा नाही. मूत्रमार्गाच्या कडेला आपण नेमका ढीगच घालतो, कारण तिथे फुगवटा आणून मार्ग आवळायचा असतो. फुगवट्याचा मधला भाग जगत नाही, तेल शोषलं जातं, फुगवटा बसतो. हे अपयश हाताच्या सफाईने टळणारं नाही.

आता चरबी काढण्याचं. आधी टोचायचं द्रावण : एक लिटर सलाईनमध्ये 500 ते 1000 मिलिग्रॅम लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन आणि 10 मिलिइक्विव्हॅलंट सोडाबायकार्ब. लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम, तीसुद्धा एवढ्या पातळ द्रावणातच. दहा मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या एक-दोन मिलिलिटरच मागे ओढून धरायचा. पूर्ण ओढला की पोकळीचा जोर वाढतो आणि पेशी फुटतात. कोलमन यांच्या पद्धतीत काढलेली चरबी मिनिटाला 3000 फेऱ्यांनी तीन मिनिटं फिरवतात. वर तेल येतं, मध्ये चरबी, खाली रक्तमिश्रित द्रव. खालचं सोडून द्यायचं, वरचं ओतून उरलेलं गॉझने टिपायचं. तेल टिपायचा कंटाळा केला तर तेच तेल आत जाऊन दाह करतं, आणि महिन्याभराने 'गाठ आली' म्हणून रुग्ण परत येते.

टोचताना एक मिलिलिटरची सिरिंज, बोथट कॅन्युला (टोचायची नळी), आणि दट्ट्या दाबायचा तो कॅन्युला मागे घेताना. एका फेरीत दशांश मिलिलिटर किंवा त्याहून कमी. या नियमामागे पोटाच्या किंवा गालाच्या चरबीरोपणातला अनुभव आहे, पण श्रोणीत, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या पोकळीत, तो जिवाशी जोडलेला आहे. योनीच्या भिंतीभोवती आणि मूत्रमार्गाभोवती शिरांचं दाट जाळं आहे. भिंती पातळ, दाब कमी. तिथलं रक्त अंतःश्रोणि शिरेतून महाशिरेत, तिथून उजव्या हृदयात आणि सरळ फुप्फुसात जातं. वाटेत गाळणी नाही. दहा मिलिलिटरच्या सिरिंजने जोर लावला आणि टोक शिरेत असलं तर काय होतं ते नितंबांच्या चरबीरोपणातल्या मृत्यूंनी दाखवून दिलं आहे. त्यामुळेच 2018 मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांना एकत्र येऊन इशारा द्यावा लागला. भूल देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : टोचत असताना श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम खाली आला, पाठोपाठ ऑक्सिजन आणि रक्तदाब उतरला, तर हात तिथल्या तिथे थांबवायचा. मूर्च्छा असेल, वेगस नसेमुळे रक्तदाब उतरला असेल, असले तर्क नंतर.

योनी 'घट्ट' करण्यासाठी भिंतीत चरबी टोचतात, ते बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. जोखीम खरी आहे आणि फायदा सिद्ध झालेला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. स्टेम सेलचं जे कबूल केलं होतं ते आता भरभर सांगतो.

नॅनोफॅट, म्हणजे अगदी बारीक केलेली चरबी. टोनार्ड यांनी 2013 मध्ये मांडलं. दोन सिरिंज जोडून चरबी तीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायची, मग अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून गाळायची. यात चरबीपेशी जवळजवळ सगळ्या मरतात, स्टेम सेल बऱ्याचशा राहतात. म्हणजे भर घालायला याचा उपयोग नाही, त्वचेवर परिणाम झाला तर होईल. कोलॅजनेज एन्झाइमने 37 अंशांवर चरबी विरघळवून पेशी वेगळ्या केल्या तर संख्या कितीतरी जास्त मिळते, पण मग अनेक देशांत ते औषध ठरतं आणि त्याला औषधाचे नियम लागतात.

योनिमुखाचा लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे तिथल्या त्वचेचा चट्टे पाडणारा जुनाट आजार. इथे चरबीरोपणाबद्दल मला आशा आहे. भगोष्ठ वरवरचे आहेत, चट्टा सैल होताना दिसतो, वेदना कमी झाल्याच्या नोंदी आहेत. पण रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माची अशीच कीर्ती होती. 2019 मध्ये प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनशी, तुलना झाली आणि फरक निघाला नाही. म्हणून क्लोबेटासोल 0.05 टक्के हे स्टेरॉइड मलम सोडायचं नाही. जाड किंवा न भरणारा व्रण दिसला तर आधी बायोप्सी, कारण या आजारात काही टक्के स्त्रियांना कर्करोग होतो आणि त्यावर चरबी भरणं अक्षम्य आहे.

लघवी गळण्यावर स्नायूपेशी. 2007 मध्ये लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा निबंध आला, दहापैकी सुमारे नऊ जणी कोरड्या झाल्याचा दावा होता. 2008 मध्ये तो मागे घेतला गेला, कारण सरकारी तपासणीत चाचणीबद्दलच गंभीर शंका निघाल्या. पुढे अमेरिकेतली प्रामाणिक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण पेशी नसलेलं द्रव टोचलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने सुधारल्या. गळण्याचं प्रमाण आपोआप वरखाली होतं, बाई सर्वांत वाईट आठवड्यात येते, रोजनिशी लिहायला लागली की पाणी पिण्याच्या सवयी बदलते. ही सुधारणा पेशींच्या खात्यावर जमा करता येत नाही.

पुरुषांकडे या. प्रोस्टेट काढल्यानंतरच्या नपुंसकत्वावर डेन्मार्कमध्ये 17 जणांना स्वतःच्या चरबीतल्या पेशी शिश्नात टोचल्या, 8 जणांना संभोग शक्य झाला. 2016 चा हा निबंध प्रामाणिक आहे, तुलनेचा गट नसल्याचं तो दडवत नाही. पण नसा आपसूकही भरून येतात, दीड-दोन वर्षं लागतात, आणि जाहिरातीत छापला जातो तो फक्त आठचा आकडा.

शेवटचं, क्रोन या आतड्याच्या दाहाच्या आजारातलं गुदद्वाराजवळचं भगेंद्र (भगंदर). दात्याच्या चरबीतल्या 12 कोटी पेशींची एक मात्रा, समोर सलाईन. पहिल्या मोठ्या चाचणीत 24 आठवड्यांनी बरे झालेले 50 टक्के विरुद्ध 34 टक्के. त्यावर 2018 मध्ये युरोपात परवानगी मिळाली. दुसरी, आणखी मोठी चाचणी केली तेव्हा 2023 मध्ये फरक उरला नाही आणि 2024 अखेर औषध मागे घेतलं गेलं. नुसत्या सलाईनने तिसरा हिस्सा बरा झाला होता, हा आकडा पहिल्याच निबंधात होता.

तेव्हा ज्यांच्याकडे हे काम चालू आहे त्यांनी प्रत्येक रुग्णामागे निदान एवढं लिहावं : किती मिलिलिटर, कोणत्या थरात, कोणत्या सिरिंजने, आणि पॅडचं 24 तासांचं वजन आधी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने. अर्ध्या जणींना सलाईन मिळेल हे संमतीपत्रात सांगून टाकावं. चाचणीत पैसे घेऊ नयेत. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतल्या ताईंचा हात आधी वर आहे.