बेअरिंग वाजतंय? आधी हातोडा बाजूला ठेवा!

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो, "दादा, गाडी पन्नास-साठच्या वर गेली की खालून घूं-घूं आवाज येतो, काय असेल?" आता तर गणपती जवळ आलेत, सगळ्यांना गावी जायचंय. म्हणून आज व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर मोकळं फिरतं तो छर्‍यांचा भाग. समोर आहे ती जुनी सँट्रो, पण बऱ्याच छोट्या गाड्यांना हेच लागू पडतं.

ओळखायचं कसं, ते पटकन सांगतो. मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडला गाडी न्यूट्रल करा. इंजिनचा वेग खाली आला तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर आधी टायर बघा. पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर बेअरिंगला उगाच शिव्या देऊ नका. पूर्ण स्टिअरिंग कापताना कट-कट वाजतंय? तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, त्याचा व्हिडिओ वेगळा. आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडे घेतल्यावर वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा घूं-घूं वाढली तर संशय डाव्यावर.

मग गाडी जॅकवर. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, खाली स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. चाक वर-खाली हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळाला तर प्रश्नच मिटला, पण प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलं असं समजू नका. वाजणारी कित्येक बेअरिंगं हलत नाहीत.

"ग्रीस भरलं तर चालेल का?" नाही हो! हे सीलबंद बेअरिंग आहे. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, सीलमधून पाणी आत गेलं, छर्रे गंजले. आता वरून ग्रीस थापून काय होणार? मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "आमचा मिस्त्री थापतो आणि आवाज जातो." किती दिवस जातो, तेही लिहा की.

आता मुद्द्याचं. बेअरिंग बसवताना दाब कुठे द्यायचा? नकल, म्हणजे चाकामागचा ज्यात बेअरिंग बसतं तो लोखंडी भाग. नकलमध्ये बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर. मग त्यात हब, म्हणजे ज्याला चाक बोल्टने लागतं तो भाग, बसवताना खालून आधार फक्त आतल्या रिंगला. का? नकलमध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. तुम्ही आतल्या रिंगवर दाब दिलात, तर तो सगळा दाब छर्‍यांमधून जातो. कडक स्टीलचे छर्रे रिंगच्या, ते जिथे फिरतात त्या पट्टीत खोचे पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण नवंकोरं बेअरिंग तिथेच बाद.

आमच्या मामांच्या गाडीचं हेच झालं. एका गॅरेजने घण घालून बेअरिंग बसवलं आणि महिन्याभरात आवाज परत. वर मामांनाच ऐकवलं, "माल डुप्लिकेट लागला." डुप्लिकेट माल बाजारात आहे, खोटं नाही. पण ते बेअरिंग मामांनी स्वतः डीलरकडून बिल घेऊन आणलेलं! आम्ही नकल उतरवली तर आतल्या रिंगच्या कडेवर छिन्नीच्या खुणा, चकचकीत.

प्रेस म्हणजे बेअरिंग सरळ, सारख्या दाबाने बसवणारं यंत्र. तुम्ही स्वतः काम करणार नसाल तरी मिस्त्रीला एकच विचारा, "प्रेसवर बसवणार ना?" हातोडा म्हणाला तर नकल सोडवून घ्या आणि लेथवाल्याकडे न्या. इथे कोल्हापुरात उद्यमनगरला हायड्रॉलिक प्रेस शोधावी लागत नाही, तुमच्याही गावात एखादी असेलच. तिथे उभं राहा आणि बघा: नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगच्या मापाचा ठोकळा, हब बसवताना खाली आतल्या रिंगच्या मापाचा. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग कडेने थोडी घासून घेतली तर ठोकळा म्हणून मस्त चालते.

आणखी काही बारीक गोष्टी. हब काढताना जुन्या बेअरिंगची आतली अर्धी रिंग त्याच्यावरच अडकून येते, ती पुलरने काढा. ग्राइंडर लावलात तर हबला कट जाऊ देऊ नका. सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारी क्लिप, खाचेत पूर्ण बसली का ते बोट फिरवून बघा. एक्सलचा नट नवा घ्या आणि टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. नट ढिला राहिला तरी बेअरिंग जातं.

दोन्ही बाजूंची बदलायची का? गरज नाही. जे वाजतंय ते बदला.

आणि ज्यांनी विचारलंय, "वाजतंय तसंच घेऊन कोकणात जाऊ का?" सामान, माणसं, घाट, खड्डे, त्यात पाऊस. नका जाऊ. बेअरिंग पार सुटलं तर चाक जाम होऊ शकतं. निघायच्या आठवडाभर आधी काम उरका आणि जवळपास एक चक्कर मारून आवाज गेलाय का बघा.