पोत्यातला अंधार

(दृश्य: वाशी, दाणाबंदर. ट्रकमधून पोती उतरताहेत.)

पाऊस आत्ताच उघडलाय. माथाडी कामगाराच्या पाठीवरून पोतं उतरतं. व्यापारी मूठभर शेंगदाणे काढतो, एक चिमटीत फोडतो. दाण्याच्या दोन डाळींच्या मधे पिवळट-हिरवी भुकटी. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी.

(दृश्य: अंधारी खोली, अतिनील दिवा.)

बुरशी दिसते, तिचं विष दिसत नाही. पण दाण्यांचा अर्क या दिव्याखाली धरा. हा निळा उजेड म्हणजे अफ्लाटॉक्सिन बी. बी म्हणजे ब्ल्यू. 1960मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, आणि शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला.

(दृश्य: काचेच्या बशीत पसरणारी बुरशी, वेगवान चित्रण.)

नीट पाहा, किती देखणी वाढते! वाढायला तिला हे विष लागत नाही. मग ती बनवते कशाला? संशोधक मुख्यतः दोन कारणं मांडतात: तिला कुरतडणाऱ्या किड्यांपासून बचाव, आणि पेशीवर ताण आला की तो सोसणं.

पण वाटेल तेव्हा बनवत नाही. विषाची पंचवीसेक जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांचा मुकादम म्हणजे अफ्ल-आर हे जनुक. त्याने हाक दिली की सगळी कामाला लागतात. मुकादमावरही वरिष्ठ आहेत, व्हीए आणि लाए नावाची प्रथिनं. या बुरशीच्या एका भावंडात दिसलंय की अंधार झाला की व्हीए पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि लाएला जाऊन मिळतं. उजेडात ते बरंचसं बाहेरच थांबतं.

साखर मिळाली की विष वाढतं, नायट्रेट मिळालं की दबतं. 30 अंशांच्या आसपास ते भरपूर तयार होतं. 37 अंशांवर बुरशी छान फोफावते, विष मात्र घटतं.

(दृश्य: पुन्हा बाजार, ओलसर पोत्यांची थप्पी.)

या विषाने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 1974मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. भाजून हे विष पुरतं जात नाही.

(दृश्य: ताडपत्रीवर पसरलेले दाणे.)

पोत्यात अंधार राहणारच. ओल मात्र काढता येते. या बाई दाणे हाताने पसरताहेत, पाय दुमडून, एकेक काळपट दाणा बाजूला काढत. पुढची सर यायच्या आत.