कप चुरगळण्याआधी

पडद्यावर दिसतोय तो हात ‘इनमूव्ह’ या रोबोटचा. फ्रेंच शिल्पकार गाएल लँजव्हाँ यांनी 2012 मध्ये त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. थ्रीडी प्रिंटर असेल तर तो घरीही बनवता येतो. मोटरी मनगटाच्या मागे बसतात आणि मासेमारीचा दोरा बोटं ओढतो. मूठ झकास वळते, पण मुठीत काय आलंय याचा हाताला पत्ता नसतो. कागदी कप दिला, की गेला कामातून.

स्पर्श कळावा म्हणून बोटाच्या टोकाला लावायला पहिलं नाव निघतं एफएसआरचं, म्हणजे दाबाप्रमाणे विजेचा रोध बदलणाऱ्या सेन्सरचं. ही पातळ चकती. मोकळी असताना तिचा रोध मेगाओहममध्ये असतो, दाबली की काही किलोओहमवर येतो. सोबत 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडला, की आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर 0 ते 1023 मधला आकडा वाचता येतो. तो आकडा म्हणजे वजनकाटा नव्हे. वस्तू टेकली का आणि पकड घट्ट होतेय का, एवढं कळलं तरी आपलं भागतं.

आता जवळून बघा. चकती गोलसर टोकावर चिकटवली आहे. कुणी हात लावलेला नाही, तरी आकडा चढलाय, कारण ती वाकली आहे. तीच सपाट खाचेत बसवून वर सिलिकॉनची टिकली लावली, तर कप थोडा तिरका टेकला तरी दाब चकतीवरच येतो.

खर्च वाचवायचा तर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये वेलोस्टॅटचा, म्हणजे दाबलं की रोध कमी होणाऱ्या प्लास्टिकचा, काळा तुकडा ठेवा. काम भागतं, पण दाब काढल्यावर आकडा लगेच मूळपदावर येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. दोऱ्याला ढील असते. स्पर्श कळून मोटर थांबेपर्यंत कप चेपलेला असतो. म्हणून वस्तू टेकण्याआधीच कळावी यासाठी आमच्या मते पहिला खर्च तळव्यातल्या अंतर-सेन्सरवर करावा.

रोबोटच्या गाडीवरचा, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर इथे बाद, त्याला 2 सेंटिमीटरच्या आतलं कळत नाही. शार्प कंपनीचा 10 ते 80 सेंटिमीटरवाला इन्फ्रारेड सेन्सर तर फसवतोच: 10 च्या आत आलेली वस्तू त्याला लांब गेल्यासारखी वाटते! व्हीएल6180एक्स हा सेन्सर प्रकाश परत यायला लागलेला वेळ मोजतो, थेट टेकेपर्यंत ते 10 सेंटिमीटर. काचेच्या पेल्यापुढे मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रत्येक बोटाला एकेक लावायचा, तर सगळ्यांचा पत्ता, म्हणजे बोर्ड ज्यावरून सेन्सर ओळखतो तो क्रमांक, सुरुवातीला एकच असतो. त्यासाठी मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे एका वेळी एकच सेन्सर बोर्डला जोडणारी चिप, घाला. वायर मऊ सिलिकॉनची घ्या आणि प्रत्येक सांध्यापाशी थोडी सैल सोडा; ताणून बसवली तर बोट वाकून वाकून ती तिथेच तुटते.