आठ बाय बाराची खोली आणि काळी एकचा सा

मंडळी, नवा ॲम्प्लिफायर घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याआधी एक प्रयोग करा. मोबाइलवरचा तानपुरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावा, तो स्टिरिओवर सोडा आणि खोलीत सावकाश फिरा. भिंतीशी सा अंगावर येईल, मध्येच कुठेतरी तो विरून जाईल. मग तानपुरा काळी दोनला न्या. आता फुगण्याच्या आणि विरण्याच्या जागा बदललेल्या असतील. यंत्र तेच असतं, पण प्रत्येक सुराशी खोली वेगळी वागते.

माझी ऐकायची खोली आठ फूट रुंद, बारा फूट लांब. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकांचे ख्याल ऐकताना षड्ज आला की आवाज सुजायचा, आणि लगेच पुढचा रिषभ मात्र स्वच्छ. तबल्याच्या डग्ग्याची मींड, म्हणजे त्याचा घसरत जाणारा सूर, त्या सुजेत बुडून जायची. मी ॲम्प्लिफायर बदलला, तरी सूज तशीच. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणजे १४१ हर्ट्झच्या, सेकंदाला १४१ कंपनांच्या, स्वराची एक लहर आठ फुटांची. दोन भिंतींमध्ये लहरीचे अर्धे भाग बरोबर मावले, की तो स्वर तिथे फुगतो. ही लहर माझ्या खोलीच्या रुंदीत पुरती एकदा मावते आणि लांबीत बरोबर दीड वेळा. भिंतींच्या दोन्ही जोड्या एकाच स्वराला उचलून धरतात. आणि काळी एकचा मध्य सा १३९ हर्ट्झच्या आसपास! तानपुऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा तिथेच, गायकाचा सा तिथेच. दहा बाय दहाच्या खोलीत उंचीही दहा फूट असेल, तर तीन जोड्या एकत्र येतात. ऐकण्यासाठी त्याहून वाईट खोली मला माहीत नाही.

भिंती हलवता येत नाहीत, पण स्पीकर येतात. अशा लहरीच्या काही ठरावीक जागी तिचा दाब जवळजवळ शून्य असतो. स्पीकर तिथे ठेवला की तो तिला जागवू शकत नाही. माझ्या खोलीत ही जागा बाजूच्या भिंतीपासून दोन फूट आणि समोरच्या भिंतीपासूनही दोनच फूट. इतकी वर्षं स्पीकर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून होते. ते पुढे ओढले आणि अर्धी सूज उतरली.

उरलेली अर्धी खुर्चीत होती. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं, असा एक प्रचलित नियम आहे. एरवी तो चांगला आहे. पण माझ्याकडे ती जागा मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येते, आणि नेमकी तिथेच ही लांबीची लहर जोरात असते. मी खुर्ची फूटभर पुढे घेतली. त्या रात्री डग्ग्याची मींड पहिल्यांदा वेगळी ऐकू आली. मी तीच रेकॉर्ड तीनदा लावली.

अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम यांवर पैसे घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. १४१ हर्ट्झच्या लहरीचा पाव भागच दोन फुटांचा असतो, इंचभर फोम तिचं काय करणार? तो फक्त वरचे स्वर खातो आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, मारून टाकतो. त्यापेक्षा कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा. गादीला हसू नका. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तिथले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री तिथे आणून, ऑर्गनची नळी वाजवून, ते घुमणं मोजलं. खोलीच्या ध्वनिशास्त्राची मोजमापं तिथून सुरू झाली.

उघड्या फरशीवर सतरंजी घाला, काचेच्या खिडकीला चुणीदार जाड पडदा लावा. टाळी वाजवून ‘टर्र’ असा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीला पुस्तकांचं कपाट लावा.

आणि स्पीकर हलवण्याआधी वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भोंग्याच्या, मध्यापासून दोन्ही भिंतींपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. प्रत्येक वेळी सहा इंचच सरकवा आणि तोच तानपुरा, तोच सा पुन्हा ऐका.