अंगठ्याचा क्लिक

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जाहिरात मोबाइलवर चालते की डेस्कटॉपवर?’ त्याकडे येतोच. आधी अंगठ्याबद्दल बोलू.

1994च्या ऑक्टोबरात हॉटवायर्ड या वेब-मासिकाच्या संकेतस्थळावर एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीचा तो गाजलेला बॅनर लागला, 468 बाय 60 पिक्सेलचा. त्यावर क्लिक करायचं तर माउस सरकवा, बाण नेमका तिथे न्या, मग बोट दाबा. एवढा उपद्व्याप सहसा कोणी चुकून करत नाही. मोबाइलचा नेहमीचा बॅनर 320 बाय 50 चा, आणि बरेचदा बसतो स्क्रीनच्या तळाशी, म्हणजे अंगठ्याच्या ओसरीवर! बोटाने दाबायच्या जागेला किमान 48 बाय 48 डीपी (कुठल्याही स्क्रीनवर साधारण सारखंच भरणारं माप) द्या, असं अँड्रॉइड सांगतं. जाहिरात बंद करायची फुली बघा, हरभऱ्याच्या डाळीएवढी. दाबायला जावं फुली, उघडतं दुकान. (हशा) त्यात पान रखडत उघडलं की जाहिरात मागाहून उगवते, मजकूर खाली ढकलते; बोट निघालेलं असतं ‘पुढे वाचा’वर, पडतं जाहिरातीवर. शेवटी 2012 साली गूगललाच अ‍ॅपमधल्या बॅनरच्या कडेला पडलेला क्लिक पुन्हा विचारून पक्का करावा लागला.

आणि महिनाअखेरीला आपण सीटीआर, म्हणजे जाहिरात जितक्यांदा दिसली त्यात क्लिक किती पडले ते प्रमाण, वाढला म्हणून पेढे वाटतो!

चोर पकडायचा तर रिपोर्ट डिव्हाइसनुसार फोडा, मग जाहिरात कुठे कुठे दिसली ती यादी उघडा. टॉर्चचं अ‍ॅप, पोरांचे गेम असं काही वर दिसलं तर तिथून जाहिरात वगळा. जीए4मध्ये, म्हणजे संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, दहा सेकंद टिकलेली भेट ‘एंगेज्ड’, म्हणजे रस घेतलेली, धरतात. क्लिक ढीगभर, एंगेज्ड भेटी चिमूटभर, म्हणजे अंगठा घसरलाय.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, मूळ विषय घाईने.

समजा, मोबाइलवर 4 रुपयांनी 1000 क्लिक आले, फॉर्म भरले 8 जणांनी. एक चौकशी 500 रुपयांना पडली. डेस्कटॉपवर 12 रुपयांनी 300 क्लिक, फॉर्म 9. चौकशी 400 रुपयांना. डेस्कटॉप जिंकला? थांबा. मोबाइलवाल्यांपैकी 12 जणांनी फॉर्म न भरता सरळ फोन लावला असेल तर चौकशी 200 वर येते. लांब फॉर्म, गृहकर्ज, यंत्रसामग्री, तिथे डेस्कटॉप. फोन, नकाशा, यूपीआय असेल तर मोबाइल. शिवाय लोकलमध्ये मोबाइलवर पाहिलेलं ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर विकत घेतलं, तर लास्ट क्लिकच्या, म्हणजे शेवटच्या क्लिकलाच सगळं श्रेय देणाऱ्या, हिशोबात ते श्रेय डेस्कटॉपला जातं. एप्रिल 2021च्या आयओएस 14.5पासून अ‍ॅपला माग काढायला आधी परवानगी मागावी लागते, त्यामुळे हे धागे जुळवणं आणखी अवघड झालंय.

एका क्लिकला किती मोजायचे ती बोली हाताने लावत असाल, तर गूगल अ‍ॅड्समध्ये मोबाइलसाठी ती 90 टक्क्यांपर्यंत उतरवता येते. उणे 100 केलं की मोबाइल बंद. पण त्याआधी कॉल मोजायला लावा, किमान 60 सेकंदांचे. मिठाईवाल्यांनी मात्र 20 ठेवा. ‘दुकान उघडं आहे का?’ एवढंच विचारणारा त्यांचं खरं गिऱ्हाईक.