उजवी शिफ्ट कुठे गेली? छोटे वायरलेस कीबोर्ड आणि मराठी टायपिंग

(दृश्य : कोरा स्क्रीन. शब्द एकेक करून उमटत जातात. बटणांची टकटक.)

अंबड. आडगाव. इगतपुरी. उंटवाडी. ओझर.

नाशिक शहरातली आणि जिल्ह्यातली ही पाच गावं, वस्त्या. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीवर दोन्ही हातांनी, खाली न बघता टाइप करणाऱ्या माणसाला या पाचही नावांची सुरुवात एकाच बटणापासून करावी लागते. उजव्या हाताच्या करंगळीखालची शिफ्ट.

आणि गेल्या काही वर्षांत हौशी मंडळींसाठी जे देखणे, छोटे, बिनतारी मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेले, कीबोर्ड बाजारात आले, त्यांतल्या बऱ्याच कीबोर्डांवर कात्री लागली ती याच बटणाला.

(दृश्य : कॉलेज रोडवरच्या कॅफेतलं टेबल. लॅपटॉपसमोर छोटा कीबोर्ड. वरून घेतलेला शॉट.)

हे कीबोर्ड कुणाला आवडू नयेत? पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा पॅड काढला की ८७ उरतात. वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची ओळही काढली आणि बाणांची बटणं आत ओढून घेतली की साधारण ६७-६८. याला हौशी लोक पासष्ट टक्के म्हणतात. बाणही काढून टाकले की उरतात ६१, तो साठ टक्के. पिशवीत मावतो, टेबलावर वहीला जागा राहते, माउस हाताशी येतो. स्विच आपल्या आवडीचे, की-कॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, आपल्या रंगाच्या. आपल्याकडे बँकेच्या काउंटरवर वर्षानुवर्षं वाजणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड ज्यांनी ऐकलाय, त्यांना मेकॅनिकल बटणाचं सुख वेगळं सांगायला नको. तेच सुख आता सॅकमध्ये घालून नेता येतं.

म्हणून ही फिल्म तक्रारीसाठी केलेली नाही. हे यंत्र आवडतं, म्हणूनच त्यातल्या चुका नीट बघायच्या आहेत.

(दृश्य : इन्स्क्रिप्टचा नकाशा. डावी बाजू एका रंगात, उजवी दुसऱ्या.)

आधी इन्स्क्रिप्ट समजून घेऊ. १९८६ मध्ये सरकारनं ठरवलेली आणि १९९१ मध्ये इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांच्या मानकात, म्हणजे आयएस १३१९४ मध्ये, आलेली ही मांडणी. तिची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. साध्या दाबानं काना, मात्रा, वेलांटी, उकार. शिफ्टसकट दाबलं की तोच स्वर पूर्ण रूपात : अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ. उजवीकडे क शिफ्टसकट ख होतो, ग चा घ, त चा थ. एकदा हाताला बसलं की मराठी अशी वाहते की बघत राहावं.

आता टायपिंगचा नियम असा, की अक्षर ज्या हातानं दाबायचं, शिफ्ट त्याच्या उलट हातानं धरायची. ख, घ, थ यांसारखी महाप्राण अक्षरं उजवीकडे, म्हणून त्यांना डावी शिफ्ट. पूर्ण स्वर डावीकडे, म्हणून त्यांना उजवी. शिवाय ण हे अक्षर इंग्रजी सीच्या बटणावर, शिफ्टसकट. तेही डाव्या हाताचं, म्हणजे पुन्हा उजवी शिफ्ट.

(दृश्य : संथ गतीत बोटं. स्क्रीनवर 'आणि'.)

'आणि' हा शब्द बघा. उजवी शिफ्ट धरून आ. उजवी शिफ्ट धरून ण. मग वेलांटी. आपण दर दोन वाक्यांत वापरतो त्या शब्दाला उजवी शिफ्ट दोनदा. 'आहे'ला एकदा. 'आपण', 'आणखी', 'आणला' यांना पुन्हा दोनदा. इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामांना. मराठीत ती शब्दाशब्दाला लागते.

(दृश्य : मोजपट्टी बटणावर ठेवलेली.)

कीबोर्डवरच्या एका साध्या बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर उजवी शिफ्ट अशा पावणेतीन बटणांइतकी रुंद असते. सव्वापाच सेंटिमीटरच्या आसपास. पासष्ट टक्के कीबोर्डवर ती होते पावणेदोन बटणं, म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर. कारण तिच्या उजव्या टोकाला वरचा बाण आणून बसवलेला असतो. आणि काही साठ टक्के कीबोर्डांवर, जिथे एवढ्याशा जागेतही बाण हवेतच असा हट्ट धरलाय, तिथे शिफ्ट उरते जेमतेम एका बटणाएवढी.

परिणाम काय होतो, तो प्रत्यक्षच बघा.

(दृश्य : स्क्रीनवर मजकूर. कर्सर अचानक वरच्या ओळीत उडी मारतो.)

करंगळीला सवय असते रुंद शिफ्टच्या बाहेरच्या अर्ध्या भागाची. तिथे आता बाण आहे. लिहिणारा 'आ' दाबायला जातो, शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत जातो आणि तिथे चांगल्या लिहिलेल्या शब्दाच्या मधोमध एक काना येऊन पडतो. लिहिणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर असेल, तर हे त्याच्या लक्षातही येत नाही. चूक टाइप होते एकीकडे आणि सापडते दुसरीकडे, कधी कधी छापून आल्यावर.

लिप्यंतर करून, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना हा त्रास एवढा होत नाही. पण रोज पानंच्या पानं मराठी लिहिणारे, अनुवादक, बातमीदार, कार्यालयांत टिपणी करणारे, यांच्यात इन्स्क्रिप्टवर हात बसलेले बरेच जण आहेत. छोटा कीबोर्ड सर्वांत जास्त उपयोगी पडावा तो त्यांनाच.

(दृश्य : जपानी बनावटीच्या छोट्या कीबोर्डचं चित्र.)

छोटा कीबोर्ड म्हणजे वाईट मांडणी असं मुळीच नाही. १९९६ मध्ये जपानच्या पीएफयू कंपनीनं हॅपी हॅकिंग कीबोर्ड आणला. संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून आलेला, बाणांशिवायचा, ६० बटणांचा. एकेक बटण का ठेवलं आणि का काढलं, याचा त्यात विचार आहे. पण तो विचार युनिक्स या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्या इंग्रजी प्रोग्रॅमरचा. त्यात बॅकस्लॅशचं बटण वरच्या ओळीत उजव्या टोकाकडे गेलं. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते क्वचित लागतं. आपल्याला मात्र त्याच बटणावर ॉ मिळतो. डॉक्टर, कॉलेज, बॉक्स, फॉर्म. कॉलेज रोड लिहायचं तर बॅकस्लॅश हवाच.

त्याहूनही लहान, चाळीस टक्क्यांच्या कीबोर्डांवर तर चौकटी कंसाची बटणंही बहुधा नसतात, आणि तिथे आपला ड असतो. अंबड, आडगाव, उंटवाडी. आकड्यांची ओळ गेली की शिफ्टवरचे ॅ, ज्ञ, त्र, क्ष, श्र गेले. हे सगळं एफएन नावाचं बटण धरून दुसऱ्या लेयरमधून, म्हणजे त्याच बटणांच्या दुसऱ्या अर्थातून, काढता येतं, खरं आहे. पण मग 'ज्ञान' लिहायला एफएन, शिफ्ट आणि आणखी एक बटण अशी तीन बोटं एकदम लागतात. एवढ्या टोकाला मराठी लिहिणाऱ्यानं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : दोन भागांत विभागलेला स्पेसबार.)

यावर उपाय नाही असं नाही. मला सर्वांत आवडलेला उपाय स्पेसबारचा. काही हौशी कीबोर्डांत स्पेसबार दोन तुकड्यांत येतो. डावा तुकडा स्पेस ठेवायचा, उजवा शिफ्ट करायचा. करंगळी हे हाताचं सर्वांत दुबळं बोट, अंगठा सर्वांत मजबूत. तो एरवी बसूनच असतो. थोड्या सरावानंतर 'आणि' लिहिताना करंगळी हलत नाही, आणि कात्री लागलेली शिफ्ट लागतच नाही.

पण त्यासाठी बटणांचा अर्थ बदलता आला पाहिजे, आणि तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत बसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, बदलता आला पाहिजे. तारेच्या कीबोर्डांसाठी क्यूएमके नावाचं मुक्त फर्मवेअर आहे. त्याचा परवाना जीपीएल. म्हणजे ते वापरून माल विकायचा तर आपण केलेले बदलही खुले करायचे. बिनतारी कीबोर्डांत इथेच अडतं. ब्लूटूथ चिपबरोबर येणारं सॉफ्टवेअर बंदिस्त असतं, दोन्हीचा मेळ बसत नाही, आणि मग काही उत्पादक क्यूएमके वापरूनही स्वतःचे बदल दडवून ठेवतात. २०२० पासून बिनतारी कीबोर्डांसाठीच रचलेलं झेडएमके आहे, झेफर या प्रणालीवर उभं, परवाना मोकळा. तरी दुकानात मिळणाऱ्या अनेक स्वस्त कीबोर्डांत कंपनीचं स्वतःचं, फक्त विंडोजवर चालणारं ॲप असतं. कीबोर्ड विकत घेतलाय, पण त्यावर शिफ्ट कुठे असावी हे ठरवायचा हक्क मिळालेला नाही.

(दृश्य : रात्र. टेबललॅम्प. थबकलेले हात, मग पुन्हा टायपिंग.)

आता वायर नसण्याविषयी.

जाहिराती बोलतात वेगाविषयी. तारेतून यूएसबी कीबोर्ड संगणकाकडे सेकंदाला १००० वेळा हजेरी देऊ शकतो, तर लो-एनर्जी ब्लूटूथवर दोन भेटींमधलं अंतर सहसा साडेसात मिलिसेकंदांखाली जात नाही. खेळणाऱ्यांना हा फरक महत्त्वाचा वाटत असेल. लिहिणाऱ्याला तो जाणवत नाही.

लिहिणाऱ्याला जाणवतं ते कीबोर्डचं झोपणं. बॅटरी वाचवायची म्हणून काही मिनिटं हात लागला नाही की कीबोर्ड संपर्क तोडतो. लिहिणारा माणूस तर थांबणारच. वाक्य सुचायला वेळ लागतो. सुचलं की पहिलं अक्षर दाबलं जातं ते कीबोर्डला उठवण्यात खर्ची पडतं, आणि पुन्हा जोडणी होईपर्यंत पुढची एक-दोनही.

इंग्रजीत पहिलं अक्षर गेलं तर स्पेलचेकर बहुतेक वेळा सावरून घेतो. देवनागरीत व्यंजन हरवलं की त्यावरची मात्रा निराधार होते.

(दृश्य : स्क्रीनवर 'गेली'ऐवजी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली मात्रा आणि पुढे 'ली'.)

'गेली' लिहिलं, ग हरवला. मागे उरला ठिपक्यांचा गोल आणि त्यावर एकटी मात्रा. हे दुरुस्त करायचं तर मागे जाऊन शब्द पुसायचा, पुन्हा लिहायचा. तोवर सुचलेलं वाक्य निम्मं निसटलेलं असतं. हा तोटा कुठल्याही आकड्यात दिसत नाही, म्हणून तो डब्यावर छापला जात नाही.

आणि हे टाळता येतं. जोडणी होईपर्यंत दाबलेली बटणं आत रांगेत धरून ठेवायची आणि संपर्क झाला की त्याच क्रमानं पाठवायची. त्याला लागणारी मेमरी नगण्य आहे. काही कीबोर्ड हे करतात. सगळ्यांनी करायला हवं.

(दृश्य : सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन. ॲल्युमिनियमचा ठोकळा, उडणारा चुरा.)

हौशी माणसाला धातूची केस हवी असते. जड, थंड, आवाज भरीव. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियम कोरणं हे रोजचं काम, तेव्हा नाशिकच्या माणसाला त्या केसची किंमत हाताला कळते. पण धातू रेडिओलहरी अडवतो. अँटेना जिथे आहे तिथे प्लास्टिकची खिडकी ठेवावी लागते. ती विसरली किंवा दिसायला वाईट म्हणून लहान केली, की हातभर अंतरावरचा लॅपटॉपही अक्षरं गाळायला लागतो. डोंगल, म्हणजे लॅपटॉपमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर, वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. यूएसबी ३च्या पोर्टमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरनं थोडं दूर नेलं तर फरक पडतो.

(दृश्य : उघडलेला कीबोर्ड. आत चांदीच्या रंगाची चपटी बॅटरी.)

राहिली बॅटरी, आणि माझ्या मते टिकाऊपणाचा सगळा प्रश्न इथे आहे.

छोट्या केसमध्ये जागा नाही, म्हणून चपटी लिथियम पॉलिमर बॅटरी सर्किट बोर्डाखाली चिकटवून टाकतात. वर रंगीत दिवे. ज्या दिव्यांच्या आतच कंट्रोलर चिप असते, ते विझलेले दिसले तरी थोडी वीज पीतच राहतात. चार्जिंगचं पोर्ट टाइप-सी, पण काही कीबोर्ड दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या फोनच्या केबलनं चार्जच होत नाहीत. कारण पोर्टजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावायचे राहिलेले असतात. काही पैशांची वस्तू. ती नसली की समोरच्या चार्जरला कळतच नाही, की इथे वीज द्यायची आहे.

आणि बॅटरी काही वर्षांनी थकणारच. फुगली तर बोर्डावर दाबही येतो. स्विच तर कोट्यवधी दाबांसाठी बनवलेले असतात. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आणि त्याला रोखून धरणारा तुकडा त्याच्या मानानं अगदी स्वस्त. हॅपी हॅकिंगच्या २०१९च्या हायब्रिड या बिनतारी कीबोर्डमध्ये दोन साधे डबल-ए सेल बसतात. त्यासाठी मागे एक फुगवटा आहे, तो अनेकांना आवडत नाही. मला आवडतो. ते सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

(दृश्य : एमजी रोड. मोबाइल दुरुस्तीचं काउंटर, सोल्डरिंग आयर्न, भिंग.)

चपटीच बॅटरी हवी असेल तर तीही बदलता येते. एमजी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांचे हात याच कामाचे आहेत. त्यांना लागतात तीन गोष्टी : गोंदाऐवजी स्क्रू, सुटा होणारा कनेक्टर, आणि त्या कनेक्टरशेजारी बोर्डावर छापलेलं अधिक-उणे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकसारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांत लाल-काळ्या तारांचा क्रम कंपनीगणिक उलटा असतो, आणि उलटी जोडली तर बोर्ड जळतो. नवा कीबोर्ड घेताना विक्रेत्याकडे आतला फोटो मागा. त्यात ही खूण दिसते का, ते बघा. आणि मोजपट्टीनं उजवी शिफ्टही मोजा.